ओल्या लोकरीचा वास
दुष्काळाच्या साली सोयगावकडची मेंढरं विकून बानाबाई शहरातल्या पुंडलिकनगरात आली आणि गालिचे धुणाऱ्या तनुजाताईंकडं कामाला लागली. शहर वाढत होतं, नवी हॉटेलं उघडत होती. पाणी मात्र टँकरचं, क्षाराचं. गालिचे धुवायच्या मशीनचे फवारे सारखे तुंबायचे. एकदा हॉटेलातला लोकरी गालिचा अर्धा धुऊन झाला आणि फवारे बंदच पडले. भोकं मोकळी करायला तनुजाताईंनी सुई हातात घेतली.

“ताई, सुई नका घालू. भोक मोठं व्हतं, मग पाणी वाकडं जातं,” बानाबाई म्हणाली. तिनं फवाऱ्यांची पितळी तोंडं काढून कोमट चिंचेच्या पाण्यात भिजत घातली. तिची आई हंड्यावरचा पांढरा थर असाच काढायची. तासाभरानं तिनं ती जुन्या ब्रशनं घासून बसवली, तसं पाणी पंख्यासारखं सरळ पसरलं.

ओल्या लोकरीचा वास उठला. लोकर कातरायच्या आधी तिचे वडील नदीत मेंढरं धुवायचे, तेव्हाचा वास. बानाबाई मशीन धरून उभीच राहिली.

“काय झालं गं?” तनुजाताईंनी विचारलं.

“काय नाय ताई. लई दिसांनी घरी गेल्यावाणी वाटलं.”

त्या दिवसापासून मशीनची देखभाल तिच्याकडं आली. लोकरी गालिचा आला की तो मात्र ती दुसऱ्या कुणाला धुवू द्यायची नाही.