समुद्राहून जुनं गाव

सुक्या बोंबलांचा वास आला की मी अजूनही साठच्या दशकातल्या तारापूरच्या किनाऱ्यावर उभा असतो. कॉलेजात राष्ट्र आणि इतिहास शिकवताना माझ्या आवाजाने पार दूरच्या मुरबे गावातले कावळे उडत. वीजकेंद्रासाठी माझा विद्यार्थी हरेश याचं गाव उठणार होतं, म्हणून त्याच्या कोळी बापाने मला जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबांपुढे नेलं.

"मास्तर, गाव किती जुनं हाय ते सांगा. मग नाय उठवणार."

मी पोर्तुगीज पळवले, पेशवे जेवायला घातले, समुद्रसुद्धा या गावानंतर आला असं ठोकून दिलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! मग नव्या जागेलाही हेच नाव देऊ."

तेव्हा मला वाटलं, जिंकलो. आज कळतं, निकाल आधीच लागला होता.

हरेशचा बाप हळूच म्हणाला, "मास्तर, तिथं दर्या हाय का, तेवढं इचारा."