चांदबीचं अक्षर

१९७१ च्या नागपंचमीआधी चांदबी मन्यार जामखेडच्या आमच्या शाळेत शिक्षिकांना बांगड्या भरायला आली. मी तिथं विज्ञान शिकवत होते. त्याच दिवशी तपासणी निघाली, म्हणून मी तिला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसवलं.

आत तपासणीला आलेले साहेब मुख्याध्यापक आसाराम सरांच्या टेबलावरचा पेपरवेट न्याहाळत होते. काचेच्या गोळ्यात निळं फूल होतं. सरांनी तो पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता, आणि साहेबांना असल्या वस्तू जमवायचा नाद. त्यांनी गोळा उलटा केला.

"हे पाहा, तळाशी कारागिराची सही आहे. लिपी परदेशी दिसते. बेल्जियमचा माल असणार."

दारातून चांदबी म्हणाली, "साहेब, सरळ धरा की. उलटं टांगल्यावर मानूस तरी वळखू येतं का?"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. आसाराम सरांनी मात्र पांढरा कागद ओढला, त्यावर गोळा सरळ ठेवला आणि वाकून बाजूनं पाहिलं. फुलाच्या देठाखाली निळ्या काचेच्या तारेचं अक्षर होतं. चां.

"माझं हाय ते," चांदबी म्हणाली.

"तुम्ही विकलं होतं?"

"केलं हुतं."

मग तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. लग्नानंतर तिचा नवरा बाबाजान पुण्याकडच्या एका काचकारखान्यात भट्टीवर होता. ती मन्याराची लेक; दिव्याच्या जाळावर काच वळवायला बापाकडून शिकलेली. पाकळ्या ती करायची आणि बाबाजान त्यांवर वितळलेली काच चढवायचा. असे चाळीसेक गोळे दोघांनी केले. "ह्यो म्हनला, 'फूल तुझं, तवा नावबी तुझंच घाल.' मला तेवढं एकच अक्षर येतं."

साहेब हसले. "अहो, चां म्हणजे एखादा चांगदेवही असेल!"

चांदबी माझ्याकडे वळली. "बाई, तुमच्याकडं इस्पिरिटचा दिवा आसंल न्हवं?"

मी धावतच प्रयोगशाळेतून दिवा, चिमटा आणि फुंकनळी आणली. तिनं पेटीतली एक बारीक निळी बांगडी फोडली, तुकडा जाळावर धरला आणि नळीनं हळूहळू फुंकर घालत राहिली. काच लाल होऊन मऊ पडली. दोन वळणं, एक काना, वर इवलासा ठिपका. गार झाल्यावर तिनं ते अक्षर कागदावर गोळ्याशेजारी ठेवलं. दोन्ही अक्षरांत च चं पोट सारखंच जरा जास्त फुगलेलं होतं.

साहेबांनी दोन्ही अक्षरं वाकून ताडून पाहिली. मग खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "चांदबी, आपण बसा."

तपासणी दुसऱ्या दिवशीही होती. चांदबी बाबाजानला हाताला धरून घेऊन आली. भट्टीच्या झळांनी त्याची नजर जवळजवळ गेली होती. त्यानं गोळा तळव्यावर तोलला, तळावरून अंगठा फिरवला.

"तळ नीट घासला न्हाई मी," तो पुटपुटला.

"आन् फूल?" चांदबीनं साहेबांच्या देखत विचारलं.

"फुलाला कोन नाव ठिवंल? ते तुझं हाय."

चांदबीनं पदर सारखा केला आणि आमच्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं. तेवढी ताठ मान मी जामखेडात दुसरी पाहिली नाही.