शिरवंडच्या किल्ल्या

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा त्याच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. आदल्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात, ऑपरेशनला नेण्याआधी, त्यानंच त्या माझ्या हातात ठेवल्या. "शैलाताईंना दे," म्हणाला. मी म्हटलं, "त्या तर तुझ्याशी बोलतसुद्धा नाहीत." तो हसला. "म्हणून तर. तू मित्र हायस. मित्राला देता येत न्हाय."

उमरग्यात हायवेलगत त्याचं औषधाचं दुकान. वरच्या खोलीत आम्ही चौघं दर रविवारी एक खेळ खेळायचो. फासे, हातानं काढलेला मोठा नकाशा आणि त्यावर दिगंबरनं मनातून उभं केलेलं शिरवंड नावाचं साम्राज्य. खेळ तो चालवायचा, आम्ही तिघं त्यातले सुभेदार. सुभेदार, कोतवाल हे निजामाच्या कारभारातले शब्द मी ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांतून त्याला काढून दिले होते. शिरवंडमध्ये आग ओकणारे सर्प होते, पण दिगंबरला भीती वाटायची ती दरबाराची. पहिल्या सम्राटानं हे सर्प माणसाळवून सुभे जोडले. तिसरी सम्राज्ञी वारली तेव्हा तिच्या दोन जिवलग मंत्र्यांनी राजधानीच्या किल्ल्यांसाठी भांडून वेशी लावून घेतल्या... आत वारस मारला गेला, बाहेर मोकाट सर्पांनी शहर जाळलं. मग कायदा झाला. गादी रिकामी झाली की किल्ल्या सम्राटाच्या सर्वांत मोठ्या विरोधकाकडे जातील. त्यानं गादीवर बसायचं नाही, एकही नियम बदलायचा नाही. बाकीचे सुभेदार एकमतानं नाव ठरवतील तोवर नुसतं सांभाळायचं. "मित्रावर कुणी नजर ठेवत न्हाय," दिगंबर म्हणायचा, "वैऱ्यावर सगळ्यांची असती."

आमच्यातल्या तिसऱ्या सुभेदार शैलाताई अणदूरच्या, शाळेत इतिहास शिकवतात. खेळात त्यांच्या सुभ्यानं बंड केलं. फाशांचा कौल उलटा पडला आणि दिगंबरनं तो सुभा सर्पांना जाळू दिला. वर्षानुवर्षं त्यांनी गाव न् गाव वसवलेला सुभा. त्या उठल्या. "हा नकाशा हाती लागला तर चुलीत घालीन," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. पुन्हा आल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर आमच्यातल्या प्रकाशनं मला बाजूला घेतलं. "देऊ नगंस. जाळतील त्या. आता दुसरं काय राहिलंय त्याचं?" त्या जुडग्यात वरच्या खोलीबरोबर नकाशाच्या कपाटाचीही किल्ली होती. तरी मी अणदूरला गेलो.

शैलाताईंनी किल्ल्यांना हात लावला नाही. "तुम्ही का ठेवल्या नाहीत?"

"मी मित्र आहे."

त्या म्हणाल्या, "म्हणजे शेवटपर्यंत वैरीच धरलं मला." मला वाटलं, आता अंगणात भिरकावतात. त्यांनी जुडगा उचलला, पदराला पुसला. "प्रकाशरावांना सांगा, नजर ठेवा म्हणावं माझ्यावर."

आता रविवारी खोली त्याच उघडतात. नकाशा पसरतात. त्यांच्या सुभ्यावरचा काळा डाग तसाच आहे. तो पुसायची त्यांना मुभा नाही. खिडकीजवळची दिगंबरची खुर्ची रिकामी असते. बसता बसता त्या विचारतात, "नाव ठरलं का?"

ठरलं, की त्यांना किल्ल्या सोडाव्या लागतील आणि त्या खुर्चीवर कुणीतरी बसेल. प्रकाश माझ्याकडे बघतो, मी खुर्चीकडे.

"न्हाय अजून," प्रकाश म्हणतो, आणि फासे त्यांच्यापुढं सरकवतो.