डावीकडे पॅड

नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. आजवर शिवलेले ब्लाउज मी एका दोरीवर वाळत घातले, तर ती दोरी पार दुधनी गावाला वळसा घालून परत येईल. गिऱ्हाइकं इतकी, की त्यांची नावं ब्रह्मदेवाच्याही ध्यानात राहायची नाहीत. म्हणून मोबाइलमध्ये मी नंबर नावानं ठेवतच नाही, मापानं ठेवतो: 'उंच खांदा', 'पाठ खोल नको', 'दंड घट्ट'. बायका घरीच ब्लाउज घालून बघतात, मानेखालचा फोटो पाठवतात, आणि मी कळवतो, ताई, बगलेत अर्धा इंच सोडू या.

त्यात शाळेच्या एक बाई होत्या. ऑपरेशनमध्ये त्यांची एका बाजूची छाती काढलेली. हे त्यांच्या घरच्यांना माहीत, आणि मला. अस्तराच्या आत स्पंजचं पॅड बसवून मी असा ब्लाउज शिवला, की आरसासुद्धा फसला. त्यासाठी चार फोटो लागले. "मास्तर, हे तुमच्यापाशीच राहू द्या," एवढंच त्या म्हणाल्या. मी नंबर ठेवला: 'शाळेच्या बाई, डावीकडे पॅड'.

मग बोळातल्या दुकानदारांच्या ग्रुपवर कुणीतरी भांडण लावणारा व्हिडिओ टाकला. मी तो उघडलाही नव्हता. पण पोलिसांनी ग्रुपमधल्या सगळ्यांना चौकीवर बोलावलं.

"लॉक काढ," साहेब म्हणाले.

"साहेब, ग्रुप दाखवतो की. बाकीचं बायकांचं हाय."

"मग तर बघायलाच पायजे!" हवालदार खिदळला.

"कोर्टाचा काही कागद..."

"टेलर हायस का वकील रं? लपवायला काय न्हाय, तर भितोस कशाला? का रोज येतोस हजेरीला, दुकान बंद ठिवून?"

बोळात मी अजून सांगतो, की सहा जण माझ्या अंगठ्याला लोंबकळले, चार तास झाले, तरी मी बधलो नाही. खरं म्हणजे साहेबांचा चहा निवायच्या आत मी लॉकचे आकडे सांगितले होते. मला कुणी बोटही लावलं नव्हतं.

व्हिडिओ दोन मिनिटांत सापडला. फोन मात्र तासभर त्यांच्याच हातात. हवालदाराचा अंगठा फोटोंवरून फिरता फिरता थांबला.

"डावीकडे पॅड म्हंजे काय रं?" नंबराशेजारच्या छोट्या गोलात बाईंचा चेहरा होता. तो त्यानं मोठा केला. "आयला साहेब, ह्या तर आमच्या पोरीच्या बाई!"

निघताना माझी एका कागदावर सही घेतली. आक्षेपार्ह काही आढळलं नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

पंधरा दिवसांनी बाई दुकानात आल्या. उभ्याच राहिल्या.

"पोरांच्या आया मला नमस्कार करतात आणि इथं बघतात," त्यांनी डावा खांदा किंचित हलवला. "कुणाला दाखवलंत, मास्तर?"

"मी नाही हो, बाई. पोलिसांनी बघितलं."

"लॉक त्यांनी तोडलं?"

जन्मभर थापा मारल्या मी. व्हय म्हणायचं होतं नुसतं. मी गळ्यातली टेप काढून गुंडाळत राहिलो.

त्यांना कळलं. टेबलावर त्यांचं नवं कापड पडलं होतं, खडूनं आखलेलं, अजून न कापलेलं. ते त्यांनी उचललं, खडू झटकला आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. मग माझ्यासमोरच, मी परका पुरुष असल्यासारखा, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला आणि पायरी उतरल्या.