काउंटरवरची वही

दोन कंडेन्सर बदलले तरी अ‍ॅम्प्लिफायर घूं-घूं करतच होता. भीमजयंती दोन दिवसांवर आलेली. नालवाडीच्या समितीचं लाउडस्पीकरचं काम चार वर्षं माझ्याकडे होतं. अध्यक्ष गुरुजी सकाळीच माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन सांगून गेले, "मेश्राम, उद्या संध्याकाळपर्यंत आवाज साफ नाई झाला तर आमी दुसरा पाहू. मंग वाईट वाटून घेऊ नको."

कंडेन्सर म्हणजे विजेची गाळणी. ती बिघडली की विजेची घरघर थेट भोंग्यात येते. मी हे काम कोणत्या शाळेत शिकलो नाही, लोकांनी टाकून दिलेले रेडिओ उघडून शिकलो. पण या वेळी माझी अक्कल संपली.

आमच्या धंद्यात कोणी अडलं की एक जागा होती. वर्ध्यात स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला सुतळीने एक वही बांधलेली असे. अडलेल्याने प्रश्न लिहायचा. पुलगाव, हिंगणघाट, आर्वीहून माल घ्यायला येणारे मेकॅनिक खाली उत्तर लिहीत. बरेच जण एकमेकांना फक्त अक्षरावरून ओळखत.

मी लिहिलं, "अ‍ॅम्प्लिफायर घूं-घूं करतो. अर्जंट. उपाय लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर खाली उत्तर : "डॉक्टर, पोट दुखते. अर्जंट. औषध लिहा. - ढोबळे, नाचणगाव."

काउंटरवरच्या चौघांनी ते आधीच वाचलं होतं. एकाने विचारलंच, "पोट कसं हाय आता, मेश्रामभाऊ?"

माझं डोकं फिरलं. दुकानाचे मालक काकाजी गल्ल्यावर बसले होते. "काकाजी, कोण हा ढोबळे? त्याले बोलवा इथं!"

"काऊन तापून राह्यला? वहीचं पहिलं पान वाच."

पहिल्या पानावर काकाजींच्या अक्षरात लिहिलं होतं : सेट कोणता, काय मोजलं, काय बदललं ते लिहा. दुरुस्त झालं की कशानं झालं तेही लिहा.

"मी मदत मागाले आलो, परीक्षा द्याले नाई."

"मंग लोकाईनं काय तुह्या दुकानात येऊन मोजावं?"

मी कापसाच्या बाजारात हमाली करत मोठा झालो. समोरच्याचा पहिला शब्द मान्य करायची सवय नाही. म्हटलं, "आधी तो शेरा खोडा, मंग लिहितो."

"आधी लिही. मंग पाहू."

"बरं, अर्धं लिहितो."

"अर्ध्या लिहिण्याले अर्धं उत्तर भेटन."

रागाने पेन उचललं. ढोबळेला दाखवायचंच होतं की मेश्राम अडाणी नाही. कुठे किती व्होल्ट, कोणता कंडेन्सर, कोणता व्हॉल्व्ह, सगळं मांडलं. पान भरत आलं. शेवटी लिहायला घेतलं, "व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आणल्यावर घूं-घूं..." आणि पेन थांबलं.

ते मी पाहिलंच नव्हतं.

बटण शून्यावर आणूनही घरघर राहिली, तर दोष बटणाच्या पुढे, बहुधा विजेच्या बाजूला. गेली, तर दोष बटणाच्या मागे, म्हणजे माइककडे. एका बोटाचं काम. मी मात्र सरळ गाळण्या बदलत बसलो होतो.

पेन टाकून सायकल हाणत माझं दुकान गाठलं. बटण शून्यावर आणलं. घरघर बंद! माइकच्या वायरवर तारांची जाळी असते, ती बाहेरची वीज आत येऊ देत नाही. प्लगजवळ तीच तुटली होती. ती जोडायला सोल्डरचा एक ठिपका लागला.

संध्याकाळी नालवाडीत गुरुजींनी माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" केलं आणि स्वतःच्याच आवाजावर खूश झाले. "मेश्राम, आता जयंतीले तूच. पुढच्या वर्षीबी तूच येजो."

पण वहीचं काम बाकी होतं. जयंती झाल्यावर त्याच चौघांदेखत लिहावं लागलं, "माइकची जाळी तुटली होती. दोन चांगले कंडेन्सर उगाच बदलले." इतकं जड वाक्य मी जन्मात लिहिलं नाही. लिहून झाल्यावर काकाजींना म्हटलं, "आता तरी खोडा त्याचं."

"काऊन? त्याच्यानंच तर तुह्याकडून पानभर लिहिणं झालं."

मदत मागताना आपण काय-काय केलं ते पूर्ण लिहावं. कधीकधी लिहिता-लिहिताच उत्तर सापडतं आणि कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. ढोबळेवर माझा राग अजून आहे. त्याचं म्हणणं चुकीचं असतं, तर राग केव्हाच गेला असता.