घरात माणसं किती?

"जाळलीस? माझ्या पगाराची चिठ्ठी जाळलीस तू?"

"जाळली नाही हो. इस्त्री केली."

"कागदाला इस्त्री? अक्कल कुठे गहाण टाकलीस गं?"

"चुरगाळून कचऱ्यात कुणी टाकली होती? तुम्हीच ना? मग पोषण केंद्रावर काय बोळा घेऊन जाऊ?"

वेल्डर नवऱ्याने टेबलावरची इस्त्री उचलली आणि बायकोच्या, चिमटीच्या, गालापासून दोन बोटांवर धरली. चिमटी भिंतीला चिकटली. आच डोळ्यांपर्यंत आली, आणि अशा वेळीही तिच्या मनात आलं ते हेच, की बटण सुतीवर आहे, चामडी सोलून निघेल.

मागे मोरीत नळ सुटला. सासूबाईंनी कढई घासायला घेतली. लेकाचा हात उठला की त्या भांडी घासायला बसत, तीही अशी खडाखडा की शेजाऱ्यांना दुसरं काही ऐकू जाऊ नये. आजची कढई काल रात्रीच घासलेली होती.

"भीक मागायला जाणार? माझी बायको? गावभर सांगणार, हा पोराला पोसत नाही म्हणून?"

"पोराचं वजन दोन महिने हललेलं नाही. माझं दूध आटलंय. आज नावनोंदणीचा शेवटचा दिवस आहे. तुमची इज्जत वाटीत घालून भरवू का त्याला?"

इस्त्री खाली आदळली. त्याने तिचा डावा दंड पकडला, पिळला आणि तिला भिंतीवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. खालचा ओठ फुटला. कढईचा आवाज वाढला.

"त्या रांगेत दिसलीस तर तंगडं मोडून हातात देईन," एवढं बोलून तो कामावर गेला. नळ बंद झाला.

चिमटी हे नाव तिला लॉन्ड्रीतल्या बायकांनी दिलेलं. अंगाने एवढीशी, पण हॉटेलची डबल चादर दोन चिमटीत धरून अशी झटकायची की समोरची मागे सरायची. सहा वर्षं वाफेत उभं राहून तिला एक खोडच लागली होती. सुरकुती दिसली की हात इस्त्रीकडे जायचा. रुमाल, बुटांच्या नाड्या, एकदा तर वाणसामानाची यादीसुद्धा तिने कडक करून सोडली होती. म्हणून कचऱ्यातून काढलेली पगाराची चिठ्ठी तिने आधी ओल्या फडक्याने टिपली आणि मग तिच्यावरून इस्त्री फिरवली. ती चिठ्ठी दुकानातल्या बिलासारखी, मशिनीतून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची. आच लागताच काळी ठिक्कर पडली. नाव, आकडा, शिक्का, सगळं तिच्या डोळ्यांदेखत गेलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तो ताट फेकायचा. दुसऱ्या वर्षापासून ताट वाचायला लागलं.

"आई, मी चालले केंद्रावर," तिने ओठाला थंड पाणी लावत सांगितलं.

सासूबाईंनी बाळाला कडेवर घेतलं. "एकटी कुठं जातेस? बाळाला धरायला कुणी नको? आणि बाही खाली कर आधी."

केंद्र म्हणजे जुन्या शाळेचा एक वर्ग. पोरांच्या बाकांवर आया बसलेल्या, गुडघे हनुवटीला टेकलेले. भिंतीशी पिशव्या रचलेल्या: पीठ, तेल, दूधपावडर. टेबलामागे चष्मेवाली बाई. तिने चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ही पगाराची चिठ्ठी आहे की अमावास्येचा फोटो?"

रांग हसली. चिमटीही हसली आणि ओठातून पुन्हा रक्त आलं.

"दुसरी आणा. नवऱ्याची कमाई कळल्याशिवाय मला नाव घालता येत नाही. तोवर मापं घेऊन ठेवते."

बाळाला काट्यावर ठेवलं. बाई आकड्याकडे बघत राहिली. बाळाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली, ती तांबड्यावर, म्हणजे कुपोषणाच्या खुणेवर, थांबली. "आता तुमचा दंड. बाही वर करा."

"माझा कशाला?"

"अंगावर पाजता ना? मग आईचंही माप लागतं."

चिमटीने उजवा हात पुढे केला.

"डावा. माप डाव्याचंच घेतात."

बाही वर गेली. दंडावर जांभळी बोटं उठली होती. पट्टी बाईच्या हातातच राहिली.

"हे कसं झालं?"

"दारावर आपटली," सासूबाई झटक्यात बोलल्या. वाक्य तयारच होतं.

"तुमच्या दाराला पाच बोटं आहेत का आजी?"

या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

"दार नाही," चिमटी बोलली. "नवरा. आज सकाळी." आजवर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला आधी घरच्या नळाचाच आवाज आठवला.

बाईने पेन उघडलं. "नवरा त्या घरात राहत नसेल तर त्याची चिठ्ठी लागत नाही. पण खोटं चालायचं नाही, मी स्वतः तपासायला येते. सांगा, घरात माणसं किती?"

खोटं जिभेवर आलं होतं. पण बाई घरी आली आणि तो दारात उभा दिसला तर?

"चार," चिमटी म्हणाली.

बाईने पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात दार भिंतीवर आदळलं. जेवणाच्या सुट्टीत वेल्डर लॉन्ड्रीत डोकावला होता आणि चिमटी तिथे नव्हती. आत शिरताच त्याने पहिल्या बाकाला लाथ घातली. बाकावरची बाई पोरासकट कोलमडली. त्याने चिमटीचे केस मुठीत धरून खेचले, तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, काटा खाली पडून फुटला.

"काय बजावलं होतं? काय बजावलं होतं तुला?"

चिमटीने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. त्याने दुसऱ्या हाताने कानफटात ठेवून दिली. बाळ किंचाळत होतं. चष्मेवाली वॉचमनला हाका मारत होती.

सासूबाई बाळाला कडेवर घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. मोकळा हात हवेत काहीतरी चाचपत होता. इथे नळ नव्हता. घासायला भांडं नव्हतं. कपाळ लाकडावर आपटल्याचा आवाज वर्गातल्या सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला होता, आणि त्यांनाही.

"सोड तिला."

"आई, तू मध्ये पडू नकोस!"

त्या मध्ये पडल्याही नाहीत. सरळ टेबलापाशी गेल्या. "बाई, लिहा. तीन."

"आजी, सूनबाई चार म्हणाल्या."

"सकाळी चार होती. घर माझ्या नावावर आहे. मी, ही आणि बाळ. कुलूप आजच बदलते. या तपासायला, चहा पाजते."

त्यांनी शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि फॉर्मवर उठवला. वॉचमन आणि रांगेतल्या तिघीचौघींनी वेल्डरचे हात मागे ओढले होते. त्याच्या मुठीत चिमटीचे केस राहिले होते.

बाईने नाव घातलं, शिक्का मारला आणि पिशवी पुढे सरकवली. चिमटीने ती छातीशी धरली. कपाळातून रक्त भुवईवर उतरत होतं, तरी सवयीने तिचा हात बाही खाली ओढायला गेला. सासूबाईंनी तो मधेच धरला.

"राहू दे वर."

"आई," वेल्डरचा आवाज एकदम लहान झाला. "तीन कशी गं? मी कुठे राहू? आई, मी तुझा कोण?"

सासूबाईंनी शाईचा अंगठा पदराला पुसला, बाळाला कडेवर सावरलं, आणि त्याच्या अंगावरून, मागे न बघता, दाराबाहेर निघून गेल्या.