मुळासकट कोथिंबीर

माझ्या वर्गात असताना मोहिनी पट्टी न घेता सरळ रेघ मारायची. पुढे ती सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली. तिच्या टेबलावरून खोट असलेला भाग पुढे जायचा नाही, म्हणून मोठमोठे कारागीर तिला वचकून असत. मागच्या वर्षी ते काम दुसऱ्या राज्यात हलवलं आणि मोहिनी मातोरीला सासरच्या वावरात उभी राहिली. आता शेतीच करणार, असं तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

सासूबाई यशोदाबाई लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या, तेव्हा पहिली कोथिंबीर तिनं एकटीनं काढली. माल स्वच्छ केल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, ही कारखान्याची सवय. तिनं प्रत्येक जुडीची मातीनं भरलेली मुळं कापून टाकली आणि संध्याकाळी नाशिकच्या लिलावात ढीग मांडला.

व्यापारी रहेमानभाईंनी एक जुडी उचलली. "ताई, हिचे पाय कुठं ठेवून आलात?"

आजूबाजूचे हसले. मुळं काढलेली कोथिंबीर मुंबईला पोचेपर्यंत मान टाकते, हे रहेमानभाईंनी नीट समजावलं. पण बोली कुणीच लावली नाही. सगळा माल परत येऊन म्हशींपुढे पडला.

दुसऱ्या एका कंपनीतून मोहिनीला बोलावणं आलेलंच होतं, सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिनं कामावर न्यायचा जुना डबा काढून घासला. यशोदाबाई परतल्यावर ती म्हणाली, की मला वावरातलं काहीच कळत नाही, मी उगाच तुमच्या कामात लुडबुड करते आहे.

यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी नवी होते तेव्हा मेथी समजून म्हशीच्या लसूणघासाच्या जुड्या बांधल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मामंजी लय दिवस विचारायचे, आज घासाची भाजी नाय का केली? तुला सोमवारी जायचं तर जा बाई. पण उरलेला वाफा उपटून जा."

रविवारी मोहिनीनं तो वाफा उपटला. या वेळी मुळं ठेवली, फक्त माती झटकली. जुड्या मात्र तिच्या हाताला सवय होती तशाच बांधल्या गेल्या, एकसारख्या.

लिलावात वरच्या जुड्या भरघोस आणि खालच्या बारीक, असा प्रकार नेहमीचा. म्हणून रहेमानभाईंनी थेट तळात हात घातला. एक जुडी काढली, मग बाजूची, मग अगदी कोपऱ्यातली. शेवटी मोहिनीकडे बघत त्यांनी बोली लावली. दुसऱ्यानं चढवली, तरी त्यांनी ढीग सोडला नाही.

"पुन्हा कधी आणाल?" त्यांनी विचारलं.

शेजारच्या वाफ्यातली मेथी काढणीला आली होती.

"उद्याच," मोहिनी म्हणाली, आणि कंपनीच्या साहेबांना फोन लावायला बाजूला झाली.